सातेरीच्या पेट्या, माघ ते चैत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की फोन सुरू होतात. येऊरच्या पायथ्यापासून बेलापूरपर्यंत आम्ही काही जण मधपेट्या ठेवतो. कुणी वाडीत, कुणी बंगल्याच्या मागच्या अंगणात, कुणी गच्चीवर. दरवर्षी या अडीच महिन्यांत तेच प्रश्न फिरून येतात. एकमेकांना देत आलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळं सातेरी माशीबद्दल आहे. ठाणे-नवी मुंबईत पेटीत सांभाळायला तीच योग्य, असं माझं ठाम मत आहे. युरोपातून आलेल्या मेलीफेराला मोहरी-सूर्यफुलासारखी सलग पिकं लागतात, आणि हंगामामागे पेट्या टेम्पोत घालून फिरावं लागतं. सातेरी इथलीच आहे. झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत ती आपल्या आधीपासून राहते आहे.

आपल्याकडे थंडी असते कुठे? मग वसंतात वेगळी काळजी कशाला घ्यायची?

थंड देशांत माश्या हिवाळाभर गोळा होऊन बसतात आणि वसंतात बाहेर पडतात. तिकडचे व्हिडिओ पाहून आपले नवे पाळक जानेवारीत पेटीला गोधडी गुंडाळतात. ठाण्यात त्याची काही गरज नाही. आपल्या माश्यांचा उपासाचा काळ पावसाळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत फुलं कमी, आणि जी असतात त्यांतला मकरंद सरी धुऊन नेतात. माश्या दिवसच्या दिवस पेटीत बसून साठ्यावर जगतात.

दिवाळीनंतर वसाहत हळूहळू सावरते. माघात दिवस मोठा होऊ लागला, बाहेरून पराग येऊ लागला, की राणी अंडी घालण्याचा वेग एकदम वाढवते. म्हणजे पिलावा (अंडी, अळ्या, कोष) वाढतोय, अन्न येतंय आणि त्याच वेळी ऊनही चढतंय. थवे सुटतात ते याच दिवसांत, आणि तापलेल्या पेट्या रिकाम्या होतात त्याही याच दिवसांत. मधही याच दिवसांत भरतो. फाल्गुन-चैत्रात आपण पेटीशी कसे वागतो त्याचा हिशोब श्रावणात होतो. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतील.

पहिली तपासणी कधी करायची आणि त्यात काय बघायचं?

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. वारा पडलेला असावा आणि माश्यांची ये-जा चालू असावी. चारा आणणाऱ्या मोठ्या माश्या बाहेर गेलेल्या असल्या की पेटी शांत असते.

उघडण्याआधी पाच मिनिटं दाराशी नुसतं उभं राहा. मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या येत असतील तर आत बहुतेक अंडी-अळ्या आहेत, कारण पराग मुख्यतः पिल्लांच्या खाण्यासाठीच येतो. दारात मेलेल्या अळ्या पडल्या असतील, किंवा माश्या आपसात झटापट करत असतील, तर कामाला लागायचं.

मग थोडासा धूर. नारळाची शेंडी किंवा गोणपाटाचा तुकडा चांगला जळतो. दोन-तीन फुंकरा पुरेत. सातेरीला जास्त धूर दिला तर ती पोळी सोडून एका कोपऱ्यात धावते आणि मग राणी सापडणं अवघड होतं. एकेक चौकट उभीच उचला, आडवी करू नका. नवं पोळं मऊ असतं, ते चौकटीतून निखळतं. बघायच्या गोष्टी मोजक्याच: घराच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी उभी अंडी, पिलावा सलग की विरळ, मध-परागाचा साठा किती, आणि किती चौकटी माश्यांनी झाकलेल्या आहेत. काळी पडलेली, माश्या ज्यावर बसत नाहीत अशी जुनी पोळी काढून टाका. तळपाट पटाशीने खरवडून पुसून घ्या. हे सगळं दहा मिनिटांत आटपायला हवं.

त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी एक फेरी पुरे. नव्या पाळकांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उत्साहाने रोज झाकण उघडल्यामुळे. पिलाव्याभोवतीचं तापमान माश्या ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात. आपण झाकण काढलं की त्यांची ती घडी विस्कटते, आणि सातेरीला फार छळलं तर ती सरळ घर सोडते.

अंडी दिसतात, पण राणी दिसत नाही. काय करू?

काहीच करू नका. अंडं तीन दिवसांत फुटतं. म्हणजे अंडी दिसली तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. मात्र एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही तळाऐवजी भिंतीला चिकटलेली दिसली, तर राणी गेली आहे आणि कामकरी माश्या अंडी घालू लागल्या आहेत. त्यांतून फक्त नर निपजतात. अशी वसाहत शेजारच्या सशक्त वसाहतीत मिसळून टाकणं हाच मार्ग. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन कप्पे एकावर एक ठेवायचे. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि भांडण होत नाही.

साखरेचा पाक द्यावा का?

पेटीत साठा असेल तर नको. चौकटींच्या वरच्या कडेला मधाची पट्टीच दिसत नसेल तर द्या: एक किलो साखर, एक लिटर पाणी, उकळून पूर्ण गार केलेलं. संध्याकाळी, पेटीच्या आत, बुडू नये म्हणून वर काड्या टाकून. दिवसा किंवा उघड्यावर ठेवला तर आजूबाजूच्या वसाहतींना वास लागतो आणि लूटमार सुरू होते. ती एकदा सुरू झाली की थांबवणं कठीण. गूळ देऊ नका, त्याने माश्यांचं पोट बिघडतं. दुकानातला मधही देऊ नका, त्यातून रोग येऊ शकतो.

वरचा मधाचा कप्पा चढवल्यानंतर पाक पूर्ण बंद. तेव्हा दिलेली साखर त्या कप्प्यात जाते, आणि मध म्हणून आपण जे बाटलीत भरू ते मध नसतं.

इमारतींच्या या जंगलात माश्यांना फुलं मिळतात तरी कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो विचारणारा माणूस महिनाभराने रस्त्यावरून मान वर करून चालू लागतो.

सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात फिरते. पेटी ठेवण्याआधी तेवढा परिसर पायी फिरा आणि झाडं वहीत लिहा. येऊर, मानपाडा, घोडबंदरच्या डोंगराकडची बाजू असेल तर तुम्ही भाग्यवान. माघात काटेसावर आणि पांगारा, पाठोपाठ पळस. ही तांबडी-केशरी झाडं खरं तर पाखरांची, पण काटेसावरीवर सकाळी माश्यांचाही गुंजारव असतो. मग जांभूळ. चैत्राच्या सुमारास जांभळीखाली उभं राहिलं तर सगळं झाड घुमत असतं. आमच्याकडचा चांगला मध बहुतेक तिचाच. पुढे करंज आणि हिरडा.

पारसिकचा डोंगर, गवळीदेव, खारघरच्या टेकड्या यांच्या जवळ राहणाऱ्यांनाही यातलं बरंच मिळतं. ऐरोली, घणसोली, दिवाळे या खाडीकाठच्या गावांची गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यात तिवर फुलते. तिची फुलं बारीक, पिवळी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी, पण मकरंद भरपूर. डोंगरातलं सगळं सुकतं तेव्हा खाडी माश्यांना सांभाळते. खारफुटी तोडली की माश्यांचा चारा तुटतो. भरावाच्या बातम्या वाचताना हे आम्हाला फार लागतं.

शहरातल्या रस्त्यांवर कडुनिंब, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष आहेत. नारळ तर बारमाही पराग देतो. अंगणात एक शेवगा असला तर अर्धं काम झालं. आंब्याच्या मोहोरावर मात्र फार भिस्त ठेवू नका. तिथे मधमाश्यांपेक्षा इतर माश्या-चिलटांचीच वर्दळ जास्त. कुंडीत लावायचं असेल तर तुळस, सब्जा आणि अँटिगॉनचा गुलाबी वेल. स्पॅथोडिया, म्हणजे तो पिचकारीचा लाल फुलांचा वृक्ष, नवा लावू नका. त्याच्या फुलांत कोत्या (बारीक, बिनडंखी) माश्या मरून पडलेल्या सापडतात.

कारवीबद्दलही विचारतात. ती आठ वर्षांनी, पावसाळ्याच्या शेवटी फुलते. येऊरला २०१६ मध्ये आणि २०२४ मध्ये फुलली. म्हणजे आता २०३२. आणि एक नक्की लक्षात ठेवा: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पेटी ठेवता येत नाही आणि तिथलं मोहोळही काढता येत नाही. पेटी हद्दीबाहेर, माश्यांना कुंपण लागू नाही.

सोसायटीच्या गॅलरीत पेटी चालेल का?

गच्ची किंवा तळमजल्याची मागची बाजू असेल तर चालेल, गॅलरीत मी ठेवू देत नाही. रात्री दिवा लागला की माश्या दिव्याकडे येतात, घरात शिरतात, मरतात, आणि शेजारणीच्या बाळाला एक डंख झाला की दुसऱ्या दिवशी पेटी आणि तुम्ही दोघेही खलनायक. गच्चीसाठीही सोसायटीची लेखी परवानगी घ्या. दार पूर्वेकडे आणि लोकांच्या वाटेपासून दुसरीकडे असावं. समोर कुंड्यांची किंवा जाळीची छातीभर उंच आडोशाची भिंत केली की माश्या सरळ वर उठून उडतात, माणसांच्या डोक्यांमधून जात नाहीत.

मार्चच्या उन्हात पेटी कशी सांभाळायची?

फाल्गुनात पारा कधी कधी चाळिशीच्या आसपास जातो आणि गच्चीवर त्याहून वाईट. सकाळचं ऊन अंगावर, दुपारची सावली डोक्यावर, अशी जागा हवी. पत्र्याखाली कधीच ठेवू नका. झाकणावर ओलं गोणपाट टाका, वर नारळाच्या झावळ्या. संध्याकाळी दाराबाहेर माश्यांची दाढी लोंबताना दिसली तर आत गर्दी आणि उकाडा झालाय. दार मोठं करा, वरचा कप्पा चढवा.

पाण्याचं आत्ताच बघा. माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून घर गार करतात. पसरट थाळीत खडे घालून पाणी ठेवा, रोज बदला, आणि हे जानेवारी संपायच्या आत सुरू करा. एकदा त्यांना शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीची सवय लागली की तुमच्या थाळीकडे त्या ढुंकून बघत नाहीत.

पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी घरं लोंबताहेत. ती तोडून टाकू?

ती राणीघरं, नवी राणी त्यांत वाढते. तोडून प्रश्न सुटत नाही, माश्या पुन्हा बांधतात.

आधी वाचायला शिका. थवा सुटायच्या तीन-चार आठवडे आधी नरांची संख्या वाढते. नरांच्या बंद घरांची टोपी उंच असते आणि सातेरीत तिच्या टोकाला बारीक भोक असतं. मग पोळ्याच्या खालच्या कडेला पाच-सात राणीघरं. ती बंद झाली की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन एखाद्या स्वच्छ सकाळी निघून जाते. हीच घरं एक-दोनच आणि पोळ्याच्या मध्यावर असतील तर प्रकार वेगळा: राणी म्हातारी झालीय किंवा मेलीय आणि वसाहत नवी करतेय. तेव्हा हात लावायचा नाही.

थवा सुटण्याच्या बेतात असेल तर आम्ही विभाजन करतो. जुनी राणी, पिलाव्याच्या तीन-चार चौकटी आणि अंगावरच्या माश्या नव्या पेटीत घ्यायच्या. ती पेटी चार-पाच हात बाजूला ठेवायची. जुन्या जागेवरच्या पेटीत एकच चांगलं, मोठं, सरळ राणीघर ठेवायचं, शक्यतो दुसरं एक हाताशी राखून. चारा आणणाऱ्या मोठ्या माश्या जुन्या जागीच परततात, म्हणून बाजूला नेलेल्या पेटीला आठवडाभर रोज संध्याकाळी थोडा पाक द्या.

आता खरी परीक्षा: जुनी पेटी तीन आठवडे उघडायची नाही. बंद राणीघरातून आठवडाभरात राणी बाहेर येते, पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात ती उडून नरांशी समागम करून परतते, मग अंडी घालू लागते. या काळात तुम्ही झाकण काढलं आणि ती नेमकी घाबरून उडाली, तर सगळं गेलं. मी स्वतः असं एकदा केलं आहे. सोळाव्या दिवशी धीर सुटला, झाकण उचललं, राणी डोळ्यांदेखत उडाली आणि परत आली नाही. तेव्हापासून विभाजनाची तारीख झाकणावर खडूने लिहितो.

थवा शेजारच्या झाडावर जाऊन बसलाय. लोक अग्निशमन दलाला बोलवताहेत!

लोकांना सांगा की हा थवा आहे. यांना सांभाळायला ना पिल्लं, ना मध. पोट भरून निघालेल्या असतात, सहसा डंख मारत नाहीत, आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत निघूनही जातात. पाणी मारू नका, धूर करू नका. पकडायचा असेल तर संध्याकाळी खाली पेटी धरून फांदीला एकच जोरदार हिसका द्या. पेटीत निरोगी वसाहतीतली पिलाव्याची एक चौकट आधीच ठेवा. पिल्लं दिसली की माश्या थांबतात. दाराला राणीजाळी (तिच्यातून कामकरी जातात, राणी अडते) तीन-चार दिवस लावा आणि मग आठवणीने काढा.

काल भरलेली पेटी आज रिकामी. कुणी चोरल्या का माश्या?

बहुतेक त्या स्वतः गेल्या. सातेरीचा हा स्वभावच आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय तिला पाळता येत नाही. रिकाम्या पेटीत काय उरलंय ते बघा, कारण सापडतं. कोळिष्टकासारखी जाळी आणि पोळ्यात बोगदे असतील तर मेणकिडा. तो वसाहत दुबळी झाल्यावर येतो. माश्यांनी झाकता येणार नाहीत एवढी पोळी पेटीत ठेवली की त्याला आयतं घर मिळतं. काढलेली चांगली पोळी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, किडा आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांचा अंश मेणात आणि मधात उतरतो.

मुंग्या-डोंगळ्यांचा त्रास असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. आपल्या शहरात त्या वाट्यांत डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेची माणसं येऊन उलटून टाकतात, तेही बरोबरच आहे. वाटीत वापरलेलं तेल घाला किंवा पायांना ग्रीस फासा. आणि पेटीला टेकलेली गवताची एकही काडी ठेवू नका, तो मुंग्यांचा पूल असतो.

दारात घिरट्या घालणाऱ्या गांधीलमाशीला सशक्त वसाहत घेराव घालून मारते. वेडा राघू आणि कोतवाल आपला वाटा घेतातच, तो त्यांना घेऊ द्या.

अळ्या घरातच मेल्या आहेत, चिमट्याने ओढल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या येतात.

हा थाई सॅकब्रूड असण्याची दाट शक्यता. विषाणूचा रोग, औषध नाही. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती यानेच गेल्या. पेटी वेगळी करा, तिच्या चौकटी, पटाशी, हातमोजे दुसऱ्या पेटीला लावू नका, आणि राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा थांबवा. म्हणजे माश्यांना घरं साफ करायला वेळ मिळतो. अँटिबायोटिक घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, विषाणूवर ती चालत नाहीत आणि मधात मात्र उतरतात.

व्हॅरोआ गोचिडीच्या औषधांबद्दलही विचारणा होते. ती मेलीफेराची डोकेदुखी. सातेरी त्या गोचिडीची मूळ यजमान आहे आणि एकमेकींच्या अंगावरून ती वेचून टाकते.

शिमगा आणि डासांची फवारणी, यांचं काय करायचं?

होळी पेटीपासून शंभर पावलं तरी लांब, वाऱ्याची दिशा बघून. गावठाणात मंडळाच्या पोरांना आधी जाऊन प्रेमाने सांगितलं की ती ऐकतात, दरवर्षीचा अनुभव आहे. धूरफवारणीची औषधं माश्यांना मारक असतात. प्रभागाच्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी ओळख ठेवा, वेळ विचारून घ्या, आणि त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर दाराला तारेची जाळी लावून वर ओलं फडकं सोडा. सकाळी पहिलं काम जाळी काढायचं. सोसायटीच्या माळ्याला सांगा: फुलावर आलेल्या झाडावर फवारणी नको.

आमच्या टाकीखाली आग्यामोहोळ आहे, तेही पेटीत भरता येईल का?

नाही. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि पेटीत राहत नाही. ती पावसाळ्याआधी स्वतःहून निघून जाते. तोवर त्या मजल्यावर रात्री प्रखर दिवे लावू नका, दगड मारू नका, खाली मशाल धरू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून हजारो माश्या मारणं मला सहन होत नाही. लोकांना खरोखर धोका असेल तर प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्या.

डंख लागला तर?

काटा लगेच नखाने खरवडून काढा, बर्फ लावा, तिथून दूर व्हा, कारण डंखाचा वास इतर माश्यांना बोलावतो. ओठ-जीभ सुजली, दम लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय नकोत, ताबडतोब रुग्णालय.

शिकायचं कुठे?

पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला राज्याचं मधसंचालनालय आहे, आणि खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं. जमलं तर महाबळेश्वरजवळचं मांघर बघून या. २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पण पेटी घेण्याआधी एक पूर्ण वर्ष कुणाच्या तरी पेट्यांवर मदतीला जा. आमच्याकडे या, हात हवेच असतात.

मध कधी काढायचा, आणि किती?

चौकटीतली पाऊण घरं मेणाने बंद झाली की मध पिकला. त्याआधी काढलेल्यात पाणी जास्त असतं. २० टक्क्यांच्या वर पाणी असलेला मध आपल्या दमट हवेत आंबतो. फक्त वरच्या कप्प्यातला काढा, मधयंत्रात फिरवून, आणि पोळं माश्यांना परत द्या. पोळं पिळून मध काढला की मेण नव्याने बांधण्यात त्यांचा सगळा हंगाम जातो. एका वर्षाखालच्या बाळाला हा मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

किती, याचं उत्तर मी पहिल्याच वर्षी शिकलो. चैत्रात जांभळीचा मध भरभरून आला होता. मी वरचं सगळं काढलं, मेमध्ये पुन्हा काढलं, नात्यात बाटल्या वाटल्या. जुलैत सलग नऊ दिवस पाऊस. दहाव्या दिवशी पेटी उघडली तेव्हा माश्या पोळ्यावरच होत्या, रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या.

आता खालच्या कप्प्याला हात लावत नाही. वरच्यातल्या दोन भरल्या चौकटी सोडतो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर जो मध येईल तो त्यांचा. वर्षाला एका पेटीतून तीन-चार किलो मिळतात, आणखी हावरेपणा केला तर पाच-सहा मिळतील. आषाढात पावसाने तासभर उघडीप दिली की गच्चीवर जातो, झाकण न काढता पेटीची मागची बाजू दोन बोटांनी जराशी उचलतो. जड लागली की तशीच खाली ठेवतो आणि दाराला कान लावून थोडा वेळ ऐकत बसतो.